गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलायच्या आधी एवढं बघून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, 2014 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, 92 हजार किमी झालेत, दर पंधराशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल टाकावं लागतंय, पार्किंगमधे खाली डाग नाही, धूरही डोळ्याला दिसत नाही, आणि गॅरेजवाल्यानं ऑइलचं झाकण उघडून "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन हाफ करावं लागेल", म्हणजे खोलून रिंगा-पिस्टनचं काम, असं म्हणत 40 हजार सांगितलेत. तर खोलायचं का?

आत्ता नको. कदाचित शेवटी खोलावं लागेलही, मी नाही म्हणत नाही, पण झाकण उघडून वाफ बघितली एवढ्यावर कुणी इंजिन खोलत असेल तर त्याला थांबवा. मी कराडला 26 वर्षं हेच काम करतोय आणि इतक्या वर्षांत विनाकारण खोललेली इंजिनं खूप बघितलीत. एकदा खोललेलं इंजिन परत कंपनीसारखं बसेल याची खात्री कोणी देत नाही, म्हणून खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम.

आधी त्या बॅक कॉम्प्रेशनचं बघू. पिस्टन आणि सिलेंडरच्या मधून थोडा गॅस खाली चेंबरमधे (ऑइल साठतं त्या तळाच्या भागात) जातोच, त्यालाच गॅरेजमधे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, नव्या कोऱ्या इंजिनमधे पण जातो, आणि तो बाहेर काढायलाच ब्रीदर (गॅसचा पाईप) आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (तो गॅस इनटेकमधे, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, सोडणारी झडप) दिलेला असतो. गरम इंजिन चालू ठेवून झाकण काढलं की थोडी वाफ, थोडी फुकफुक, एखादा ऑइलचा शिंतोडा हे नॉर्मल आहे. बघायचं असेल तर असं बघा, इंजिन गरम करून आयडलला ठेवा, झाकण काढून त्या तोंडावर डॉक्टर वापरतात तो पातळ रबरी ग्लोव्ह किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी घट्ट धरा. ग्लोव्ह हळूच आत ओढला गेला तर ब्रीदर व्यवस्थित काम करतोय. फुग्यासारखा फुगला तर आत प्रेशर साठतंय. पण फुगला म्हणजे रिंगा गेल्या असं लगेच समजू नका, पीसीव्ही चोक झाला असेल तरी सेम असंच दिसतं. आणि उलटं, ग्लोव्ह जोरात आत खेचला गेला, झाकण काढतानाच चिकटल्यासारखं वाटलं, कुठूनतरी शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्ही उघडा अडकलाय किंवा त्याचं डायफ्राम फाटलंय, आणि मग इनटेक ऑइलची वाफ सरळ ओढून जाळतंय. हे पाच मिनिटांचं काम आहे, 40 हजाराच्या आधी पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे.

दुसरं म्हणजे मोजमाप. "पंधराशेला लिटर" हा आकडा तुम्ही कसा काढला? बहुतेक लोक पट्टीवर लेव्हल कमी दिसली की अंदाजानं ओततात आणि मग तोच हिशोब धरतात. नीट मोजायचं असेल तर गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमधे उतरतं. डिपस्टिक पहिल्यांदा काढाल तेव्हा त्यावर लेव्हल बघू नका, ती शिंतोड्यांनी भरलेली असते, फडक्यानं कोरडी पुसून परत पूर्ण आत घाला आणि मग बघा. बरोबर मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आणि 1000 किमी झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीनं बघून माप असलेल्या बाटलीनं किती लागलं ते लिहा. वहीत लिहा, मोबाईलमधे लिहा, पण लिहा.

मॅक्सच्या वर अजिबात नको. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे तीन-साडेतीन लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनात, चार लिटरचा कॅन आणलाय ना मग संपवून टाकू, म्हणून चारही लिटर ओतणारे बरेच आहेत. लेव्हल वर गेली की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरमधून इनटेकमधे जाऊन जळतो. मग सर्व्हिस झाल्यावर पहिल्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर गेलं म्हणून माणूस घाबरतो, खरं तर ते जास्तीचंच गेलेलं असतं. तुमचा आकडा सर्व्हिसनंतर लगेचचा असेल तर तो धरू नका.

अजून एक फसवणारी गोष्ट. रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण गरमच होत नाही, थोडं पेट्रोल आणि पाणी ऑइलमधे मिसळत राहतं, त्यामुळे पट्टीवर लेव्हल जागेवर दिसते. मग माणूस दिवाळीला गावाला तीनशे किलोमीटर जाऊन येतो, ते मिसळलेलं सगळं उडून जातं आणि लेव्हल एकदम खाली. तो म्हणतो हायवेला गाडी ऑइल खायला लागली. ती आधीपासूनच खात होती.

आता किती खाल्लं तर जास्त? फोक्सवॅगन, स्कोडाच्या पुस्तकात 1000 किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. टोयोटाच्या 2.4 लिटर 2एझेड-एफई इंजिनाची अमेरिकेत याच तक्रारीवरून मोठी भानगड झाली होती, तिथे कंपनीनं टेस्टला हद्द ठेवली होती 1200 मैलांना 1 क्वार्ट, म्हणजे आपल्या हिशोबानं 1900 किमीला साधारण लिटरभर, त्याच्या वर खाणाऱ्या गाड्यांना पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. मी स्वतः 1000 ला 200 मिली पर्यंत असेल तर गिऱ्हाइकाला सांगतो विसरून जा, टॉप अप करत रहा. 500 मिलीच्या वर गेलं की कारण शोधतो. तुमचं 1000 ला साधारण 670 मिली येतं, म्हणजे कारण आहे, ते शोधायलाच पाहिजे.

धूर दिसत नाही म्हणता, त्याचंही आश्चर्य नाही. 670 मिली भागिले 1000, म्हणजे एका किलोमीटरला दहा-पंधरा थेंब. एवढं ऑइल जळताना निळा धूर दिसेलच असं नाही, वर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातलं बरंच जाळून टाकतो. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा, कोरडी काजळी असेल तर ठीक, चिकट तेलकट काळं लागलं तर ऑइल तिकडूनच जातंय.

बाहेरची गळती लवकर उरकतो कारण तुमचा डाग पडत नाहीये. तरी गाडी एकदा रॅम्पवर घेऊन टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, चेन कव्हर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधला क्रँक सील बघून घ्या, कारण चालत्या गाडीत गळून सायलेन्सरवर जळणारं ऑइल खाली डाग पाडत नाही, फक्त जळका वास येतो. खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काढून बघा, ऑइल त्यातच साठतं. आणि क्रँक सील गळत असेल तर सील बदलायच्या आधी ब्रीदर साफ करा, आतलं प्रेशर तसंच राहिलं तर नवा सीलही काही महिन्यांत गळायला लागतो.

मग पीसीव्ही. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली होती, घर ते ऑफिस तीन किलोमीटर, बाकी काही नाही. दोन ठिकाणी त्यांना इंजिन काम सांगितलेलं. झाकण उघडलं तर आतून ताकावर लोणी यावं तसा पिवळट फेस चिकटलेला, म्हणजे ऑइलमधे पाणी, पण कूलंट कमी झालेलं नव्हतं, तर ते दमटपणाचं पाणी, इंजिन गरमच होत नसल्यानं साठलेलं. पीसीव्ही काढून कानाजवळ हलवला. चांगला असेल तर आतून खुळखुळ्यासारखा बारीक आवाज येतो, हा मुका. त्याच्या पाईपात करंगळी घातली तर काळा डांबरासारखा थर. व्हॉल्व्ह नवा टाकला, सगळे ब्रीदर पाईप काढून धुतले, थ्रॉटल बॉडी साफ केली, ऑइल-फिल्टर बदलला, आणि त्यांना सांगितलं की आठवड्यातून एकदा तरी गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर पळवा. आधी बाराशे किलोमीटरला लिटर जायचं, त्यानंतर पाच हजारात लिटरच्या आत आलं. थोड्याच पैशात काम झालं. प्रत्येक गाडीत असं होणार नाही, पण सुरुवात इथूनच करायची. काही इंजिनात वेगळा व्हॉल्व्ह नसतो, टॅपेट कव्हरमधेच डायफ्राम असतं, मग कव्हर किंवा त्याचं किट बदलावं लागतं, ते जरा महाग पडतं.

पीसीव्ही ठीक निघाला तर चारही स्पार्क प्लग काढा आणि एक-दोन-तीन-चार असे ओळीनं कागदावर मांडा, एकत्र करू नका, क्रमालाच सगळी किंमत आहे. एकच प्लग काळा ओला आणि बाकी तीन कोरडे विटकरी, तर त्रास त्या एका सिलेंडरचा आहे. चारही सारखेच तेलकट, तर परत ब्रीदरकडे किंवा सगळ्या रिंगांकडे बघायचं.

यानंतर उरतात दोन, व्हॉल्व्हचे सील आणि रिंगा. दोन्हीची सवय वेगळी आहे. व्हॉल्व्ह सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर बसणारी करंगळीच्या पेरापेक्षा लहान रबराची टोपी, दहा-बारा वर्षं उष्णता खाऊन ती प्लास्टिकसारखी कडक होते. मग रात्रभरात ऑइल दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक भपका येऊन बंद होतो. सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहून निघताना पण येतो. मी गिऱ्हाइकाला घाटात घेऊन जातो. कुंभार्ली घाट कोयनेकडून उतरताना गाडी खालच्या गिअरला ठेवून ॲक्सिलेटर पूर्ण सोडायचा, दोन-तीन वळणं इंजिन ब्रेकिंगवरच उतरायचं, तेव्हा इनटेकमधे व्हॅक्यूम जबरदस्त असतो आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल खेचलं जातं. मग एकदम ॲक्सिलेटर दाबायचा आणि मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगायचं. दाबल्या दाबल्या भपका आला आणि संपला तर सील-गाईडवर (गाईड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) संशय. चढाला लोड असताना सारखा धूर येत राहिला तर रिंगा.

सील असतील तर आनंदाची गोष्ट, कारण त्याला हेड उतरवावंच लागतं असं नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढून, त्या सिलेंडरमधे प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात. जुनी पद्धत अजून साधी, नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं, आणि पिस्टन हातानं वर आणायचा, दोरीची उशी होते आणि व्हॉल्व्ह खाली पडत नाही. मग स्प्रिंग दाबायची, कॉटर (स्प्रिंग अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) काढायचे, जुना सील ओढून नवा बसवायचा. कॉटर आत पडणार नाहीत म्हणून आजूबाजूची सगळी भोकं फडक्यानं बंद करायची. वेळखाऊ काम आहे, पण इंजिनचा खालचा भाग कोणी हलवत नाही.

आता रिंगा, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचं निदान होतं, माझ्याकडूनही झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलेंडर 180 पीएसआयच्या आसपास, एकदम सारखे. मी म्हटलं रिंगा ठीक आहेत, हेड उतरवलं, सील, गाईड सगळं नवं केलं. गाडी तितकंच ऑइल खात राहिली. गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि मला दुसऱ्यांदा सगळं माझ्या खर्चानं करून द्यावं लागलं. कारण पिस्टनला तीन रिंगा असतात, वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात आणि तिसरी, सगळ्यात खालची, ती ऑइल रिंग, दोन पातळ पट्ट्या आणि मधे जाळीसारखी स्प्रिंग. सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून परत खाली पाठवणं तिचं काम. ऑइल वेळेवर बदललं नाही, इंजिन एकदा-दोनदा ओव्हरहीट झालं, की ती भोकं कार्बननं बुजतात आणि ती रिंग खाचेतच चिकटून बसते. वरच्या दोन ठणठणीत असतात म्हणून कॉम्प्रेशन फुल दाखवतं, पिकअपही असतो, ॲव्हरेजही असतं, आणि ऑइल मात्र जातच राहतं. तुमच्या गाडीची लक्षणं ऐकून मला सगळ्यात आधी हाच संशय येतोय.

म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट करा जरूर, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोलचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, पण रिझल्ट कसा वाचायचा ते लक्षात ठेवा. एखादा सिलेंडर इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा, आकडा चढला तर वरच्या रिंगा किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह. पण चारही चांगले आले म्हणून ऑइल रिंग चांगली असं होत नाही. गॅरेजवाल्यानं तुम्हाला टेस्टचे आकडेच दिले नसतील तर आधी ते मागा, कागदावर.

ऑइल रिंग चिकटली असेल तर खोलायच्या आधी एक प्रयत्न करता येतो, सोक, म्हणजे रिंगा क्लीनरमधे भिजवणं. इंजिन कोमट असताना प्लग काढायचे, चारही पिस्टन मधोमध आणायचे (चार सिलेंडरच्या इंजिनात हे एकाच वेळी जमतं), प्रत्येकात 40-50 मिली पिस्टनसाठीचं कार्बन क्लीनर ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी वर राहिलेलं सिरिंजनं ओढून घ्यायचं, पेट्रोल पंपाचा आणि कॉइलचा फ्यूज काढायचा, भोकांवर फडकं टाकून सेल्फ मारायचा म्हणजे उरलेलं बाहेर फेकलं जातं. हे न करता प्लग लावून स्टार्ट मारला आणि आत पातळ पदार्थ राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, त्यामुळे इथे घाई नको, आणि जवळ विडी-सिगरेट तर बिलकुल नको. मग जुनं ऑइल सगळं काढून नवं ऑइल-फिल्टर टाकूनच स्टार्ट करायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं भरपूर धूर येईल, मोकळ्या जागेत करा. नंतर चांगलं सिंथेटिक ऑइल दोन वेळा लवकर, तीन-तीन हजाराला बदलायचं. माझ्याकडे काही गाड्यांना यानं चांगला फरक पडलाय, काहींना काहीच नाही. आणि डिझेल ओतून इंजिन धुवायचं कोणी सुचवलं तर नको म्हणा, मोठा गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो आणि वरती कॅमला ऑइल पोचत नाही.

ऑइलच्या ग्रेडबद्दल, "घट्ट ऑइल टाका, 20डब्ल्यू-50, खाणार नाही" हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. तुमच्या इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) आहे का बघा, असेल तर ते बारीक वाटांमधून ऑइलच्या प्रेशरवर चालतं, इतकं घट्ट ऑइल तिथे त्रास देतं. पुस्तकात परवानगी असेल तर 5डब्ल्यू-30 वरून 5डब्ल्यू-40 वर जाऊन बघा, एवढंच. जाडीपेक्षा क्वालिटी बघा. नोआक नावाची टेस्ट असते, 250 डिग्रीला तासभर ऑइल तापवून किती टक्के उडालं ते मोजतात, एसीइए सी3 या युरोपियन दर्जामधे ते 13 टक्क्यांच्या आत लागतं. सुट्टं किंवा बनावट ऑइल नुसतं उडूनच बरंच कमी होऊ शकतं. कॅनचं सील आणि क्यूआर बघून खात्रीच्या दुकानातून घ्या.

टर्बो गाडी असती तर मी आधी इंटरकूलरचा पाईप काढून आत किती ऑइल आहे ते बघायला सांगितलं असतं. आणि बीएस6 डिझेलवाले कोणी वाचत असतील तर त्यांनी पट्टीवर लेव्हल वाढतेय का तेही बघावं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल ऑइलमधे उतरतं, आणि वाढलेली लेव्हल कमी झालेल्या लेव्हलइतकीच वाईट.

पैशाचा हिशोब पण मांडू. वर्षाला दहा हजार किमी चालवत असाल तर साधारण सात लिटर जादा ऑइल, पाचशे रुपये लिटर धरलं तर साडेतीन हजार. 40 हजारात अकरा वर्षांचं टॉप अप येतं. पण दुसरी बाजू पण आहे, ऑइलमधलं फॉस्फरस जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मारतं, ऑक्सिजन सेन्सर खराब होतो, पीयूसीला अडचण येते. म्हणून आधीचे स्वस्त उपाय सगळे करा, खप 1000 ला 300-400 वर आला तर मी तरी खोलणार नाही. फक्त दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघायची आणि डिकीत लिटरभर ऑइल कायम ठेवायचं. डॅशबोर्डच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे, तो लागतो तेव्हा पंप हवा ओढायला लागलेला असतो. पाटणच्या पुढे एकानं लाल दिवा लागल्यावर "पाचच किलोमीटर राहिलेत" म्हणून गाडी तशीच ओढली होती. चेंबर खोललं तेव्हा बेअरिंगचे पातळ चकचकीत पापुद्रे ऑइलमधे तरंगत होते आणि क्रँक निळा पडलेला.

आणि सगळं करूनही खपात फरक पडला नाही, 1000 ला लिटरच्या जवळ गेलं, तर खोला, पण मग नीट खोला. लेथवाल्याकडून बोअर गेजनं प्रत्येक सिलेंडर वर, मधे, खाली आणि दोन दिशांना मोजून घ्या, आकडे लिहून घ्या. बोअर मापात असेल तर होनिंग (भिंतीवर बारीक चरे पाडणं) आणि नव्या रिंगा, होनिंग न करता गुळगुळीत भिंतीवर नव्या रिंगा टाकल्या तर त्या बसत नाहीत आणि गाडी आधीइतकंच ऑइल खाते. पिस्टन परत तेच वापरणार असाल तर ऑइल रिंगच्या खाचेतली भोकं एकेक करून मोकळी झालीत का ते स्वतः उभं राहून बघा. बोअर झिजलेला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन, आणि बोअर त्या पिस्टनच्या मापानं, आधी पिस्टन आणून मग बोअर. जुने पिस्टन, रिंगा, सील परत मागून घ्या. पहिले हजार किमी एकाच स्पीडला हायवेवर ताणू नका, कमी-जास्त करत चालवा, आणि हजारला ऑइल-फिल्टर बदलताना काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात बघा, त्यात बारीक धातू चमकत असेल तर गाडी तिथूनच ज्यानं काम केलंय त्याच्याकडे परत न्या.